एक आजारी पुरे

खातीपुऱ्यात रिक्षा शाळेच्या रस्त्याला लागली आणि मी एकदम खाली वाकले. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "क्या हुआ मैडम, कुछ गिर गया?" "नहीं भैया," म्हणाले आणि सरळ बसले. बत्तीस वर्षांची बाई, ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस जयपूरला आलेली, गळ्यात ओळखपत्र लटकतंय, आणि शाळेचं फाटक दिसल्याबरोबर लपायला बघतेय. स्वतःचंच हसू आलं, पण ते काही फार टिकलं नाही.

वाकायला बाबांनी शिकवलं होतं. दोन हजार सालानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. बाबा विमा कंपनीच्या जयपूर ऑफिसात होते, साताऱ्याहून बदली होऊन आलेले. खातीपुऱ्यातच एका सरळसोट गल्लीत आम्ही भाड्यानं राहायचो. आई, बाबा, माझ्याहून सव्वा वर्षानं मोठा दादा आणि मी. शाळा इतकी जवळ की प्रार्थनेची घंटा आमच्या मोरीत ऐकू यायची. आणि शहरातल्या मोठ्या स्टेशनकडे जाणारी रिक्षा त्याच शाळेवरून जायची. त्यामुळे वर्षातून एकदा, कधी दोनदा, भर शाळेच्या वेळी आम्ही चौघं सामानासकट तिच्या फाटकासमोरून जायचो. बाबा पुढे रिक्षावाल्याशेजारी बसलेले असायचे. फाटक दिसलं की मान न वळवता म्हणायचे, "वाका."

दादा आणि मी रिक्षाच्या तळाशी, होल्डॉलच्या आडोशाला. आई वरून शाल टाकायची. शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास, होल्डॉलला रेल्वेचा, आणि आईच्या पिशवीतल्या दशम्यांचा नि लसणाच्या चटणीचा वास त्या सगळ्याला पुरून उरलेला. अंधारात दादाचं नाक माझ्या कानाला लागायचं. बाहेर एखादा वर्ग एका सुरात पाढे म्हणत असायचा, सात छक्के बयालीस, सात सत्ते उनचास. आम्ही तोंड दाबून हसायचो. ज्या बाकावर आपण आत्ता बसलेले असायला हवं होतं तो रिकामा आहे, आणि आपण इथं शालीखाली आहोत, याची ती गंमत होती. वाईट म्हणून काही वाटायचं नाही, उलट आपल्या घरासारखं घर दुसऱ्या कुणाचं नाही असंच वाटायचं.

शाळेच्या दिवसांतच का जायचं, याचं कारण बाबांच्या ऑफिसात होतं. कंपनीची हॉलिडे होम होती, डोंगरावर, समुद्रावर, देवाच्या गावी. दरवर्षी परिपत्रक निघायचं, अर्ज भरायचे, आणि ज्येष्ठतेप्रमाणे खोल्यांचं वाटप व्हायचं. मे महिना आणि दिवाळी मोठ्या साहेबांची. ऑक्टोबर, डिसेंबर मधल्यांचे. आमच्या बाबांसारख्यांच्या पानात फेब्रुवारी, जुलै, सप्टेंबर पडायचे. सगळं जग फिरून घरी परतलं की आम्ही निघायचो. नैनीतालला गेलो तेव्हा तळ्यातल्या नावा काठावर पालथ्या घातलेल्या होत्या आणि उघडं एकच दुकान होतं, तेही मेणबत्त्यांचं. पुरीला जुलैत गेलो, तर समुद्र इतका चिडलेला की वाळूतल्या लाल झेंड्यापलीकडे पाऊल टाकू देईनात. चार दिवस आम्ही तो खिडकीतून पाहिला. बाबा मात्र खूश. "गर्दी नाही बघ अजिबात," ते आईला म्हणायचे, "सगळं कसं आपल्या एकट्यांचं."

आणि खोटं कशाला बोलू, होतंच ते आमच्या एकट्यांचं. त्या खोल्या अजून माझ्या अंगावर आहेत. दार उघडल्याबरोबर येणारा बंद गादीचा ओलसर वास. कोपऱ्यावर कंपनीचा शिक्का मारलेली करडी ब्लँकेटं, जी बाबा निघायच्या दिवशी स्वतः मोजून केअरटेकरच्या हवाली करायचे. न्हाणीघरातली टवके उडालेली बादली. सकाळी बाबा हाका मारून उठवायचे, गॅलरीत उभं करायचे आणि समोर धुकं असो, पाऊस असो, काहीही दिसत नसो, म्हणायचे, "बघून घ्या." आम्ही बघून घ्यायचो. बाबांचा आवाज जयपुरात कधी तसा नसायचा. तिथं ते ऑफिसातून आले की पंख्याखाली डोळे मिटून बसायचे आणि आई आम्हाला गप्प करायची.

फक्त हे सगळं कुणाला सांगायचं नव्हतं. गाडी जयपूरला शिरायला लागली की आई आमची उजळणी घ्यायची. "शाळेत विचारलं तर?" "मामाचं लग्न होतं." "आणि तू?" "मामाचं लग्न." शाळेच्या दप्तरी आमच्या एकुलत्या एका मामाची तीन लग्नं झाली आणि साताऱ्याची आजी दोनदा अत्यवस्थ झाली. दादाला मात्र हे जमायचं नाही. तो आईला विचारायचा, "मॅडमनी पूछलं की लग्नात काय खाल्लं, तर?" आई म्हणायची, "जिलबी सांग." "पण आपण तर जिलबी नाही खाल्ली." आई कपाळाला हात लावायची. पुरीहून आणलेला एक शंख त्यानं वर्षभर दप्तराच्या आतल्या कप्प्यात बाळगला, पण वर्गात कधी बाहेर काढला नाही. इतर मुलं उन्हाळ्यात कुठं कुठं गेलो ते जुलैत तिखटमीठ लावून सांगत, आणि आम्ही, ज्यांनी त्या सगळ्यांपेक्षा जास्त भारत पाहिला होता, तोंडात मिठाची गुळणी धरून ऐकत बसायचो. 'मेरी यात्रा' या निबंधात मी कायम साताऱ्यालाच गेले.

त्या वर्षी बाबांना एकाला लागून एक अशी दोन वाटपं मिळाली, कन्याकुमारी आणि उटी. जानेवारीच्या शेवटापासून. जायला-यायला लागणारे दिवस धरून तीन आठवडे. संक्रांत होती. जयपुरात त्या दिवशी कुणी घरात नसतंच, सगळं शहर गच्चीवर पतंग उडवत. आई तिळगुळाचा डबा घेऊन वर आलेली, शेजारच्या गच्चीवर लाउडस्पीकर, 'वो काटा' म्हणून चहूकडून ओरडा, आणि हातात फिरकी धरून मी दादाच्या मागे उभी. बाबा कागद घेऊन वर आले. इतके हसरे बाबा मी फार थोड्या वेळा पाहिलेत. त्यांनी दादाच्या हातातला मांजा सुद्धा थोडा वेळ स्वतः धरला.

अडचण दुसऱ्या दिवशी कळली. शाळेनं नवा नियम काढला होता. आठवड्याहून जास्त गैरहजर राहिलं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे. मामाच्या लग्नावर आता भागणार नव्हतं. बाबांनी जेवताना विचार केला, हात सुकेपर्यंत केला, आणि मग एखादी फाइल निकालात काढावी तसं म्हणाले, "दोघं एकदम आजारी पडलेले दिसायला बरं नाही. एक आजारी पुरे. त्याला हवापालटाला गावी नेलं, घरी कोणी नाही म्हणून दुसरं पण बरोबर. बास." मग आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "तूच हो आजारी," ते मला म्हणाले. "काटकुळी आहेस, कुणालाही पटेल."

मी भोकाड पसरलं. फेब्रुवारीच्या शेवटी आमचा वार्षिकोत्सव होता आणि मी घूमर नाचात पुढच्या रांगेत होते. पिवळा घागरा ठरला होता, बांगड्या ठरल्या होत्या. मोठ्या आजारातून उठलेल्या मुलीला नाचू कोण देणार? आई म्हणाली, "अहो, तिचा नाच आहे." बाबा म्हणाले, "मग सहल रद्द करू का?" मी हुंदके देत भाताची शितं गोळा करत होते. तेव्हा दादा म्हणाला, "मी होतो आजारी. मला कुठं नाच आहे." आणि आमटी वाढून घेतली.

एवढंच झालं. यापेक्षा मोठं काही झालं नाही. कुणी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, मी त्याला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. मला हायसं वाटलं आणि मी जेवले.

सोडाल्यातल्या एका डॉक्टरकडे आम्ही गेलो. बाबांच्या ओळखीचा, हसरा माणूस. टेबलावर पाण्याचा ग्लास, त्यावर बशी झाकलेली. "क्या लिखूँ, भाईसाहब? वायरल में तो पाँच-सात दिन से ज़्यादा नहीं बनता." "तीन हफ़्ते चाहिए," बाबा म्हणाले. "तो फिर टायफॉइड ही ठीक रहेगा," डॉक्टर म्हणाला, चहा की कॉफी विचारल्यासारखा, आणि लिहायला लागला. दादाची नाडी नाही, जीभ नाही, काही पाहिलं नाही. लिहून झाल्यावर त्याच्याकडे बघून म्हणाला, "जल्दी ठीक हो जाओ, बेटा." दादा म्हणाला, "जी." बाबा कंपनीच्या दावे विभागात होते. लोकांनी जोडलेली डॉक्टरांची सर्टिफिकेटं तपासणं हे त्यांचं रोजचं काम, आणि खोटं सर्टिफिकेट ते नुसत्या शाईवरून ओळखतात अशी त्यांची ऑफिसात ख्याती होती. हे सर्टिफिकेट त्यांनी उजेडात धरून वाचलं आणि शर्टाच्या खिशात घडी घालून ठेवलं.

कन्याकुमारीचं मी काय सांगू. पहिल्यांदाच आम्हाला चांगला हंगाम मिळाला होता. तीन रंगांची वाळू पुड्यांत भरून विकत होते. किनाऱ्यावर तळलेल्या माशांचा आणि मोगऱ्याचा वास एकत्र यायचा. दादा दिवसभर पाण्यात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, ओठ खारट, अंगाला वाळू. लाटेकडे पाठ करून उभा राहायचा आणि ती आली की मला सांगायचा, "आता." मी त्याचा हात धरून उडी मारायची. एकदाही त्यानं 'आता' चुकीचं सांगितलं नाही. उटीला बाबांनी त्याला घोड्यावर बसवलं. तीन आठवड्यांत त्याचं वजन वाढलं, आणि रंग तर असा रापला की परतीच्या गाडीत आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "आता हो या टायफॉइडचं काय करायचं?"

शाळेत जायच्या दिवशी तिनं त्याच्या तोंडाला पावडर लावली. दोन स्वेटर घातले, कानाला मफलर. वर्गाच्या मॅडमनी त्याला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "देखो, बुखार से चेहरा कैसा काला पड़ गया." माणसं चांगली होती हो ती. शाळेनं त्याची इतकी काळजी घेतली की विचारू नका. पीटीच्या तासाला त्याला व्हरांड्यातल्या पायरीवर बसवायचे. उकळलेलं पाणी घरून आणायचं. मॅडम मधल्या सुट्टीत त्याचा डबा उघडून पाहतात असं कळल्यावर आईनं त्याला मऊ खिचडी द्यायला सुरुवात केली. महिनाभर दिली. मी त्याच्यासमोर बटाट्याची भाजी नि पुऱ्या खायचे. शाळेबाहेर ठेलेवाला कचोरी तळायचा, त्या वासानं सगळी मुलं वेडी व्हायची, आणि दादा मफलर गुंडाळून त्याच्यासमोरून सरळ घरी यायचा. एकदा मी म्हटलं, "खा ना, कुणी बघत नाहीये." तो म्हणाला, "मला मनाई आहे." कुणाची मनाई, कशाची, आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

बुडालेला अभ्यास मी मैत्रिणीच्या वह्यांवरून आठवड्यात उतरवून काढला. मला आई बसवायची. दादाला मॅडमनी सांगून ठेवलं होतं, "तुम आराम करो, कॉपी की चिंता मत करो." तीन आठवड्यांत त्याच्या वर्गात मोठे भागाकार शिकवून झाले होते. तो फळ्याकडे बघत बसायचा आणि आजारी मुलाला कोण विचारणार म्हणून त्याला कुणी विचारायचं नाही. घरी बाबांनी एक-दोनदा पाटी घेतली, पण ते लगेच चिडायचे. मी पिवळा घागरा घालून पुढच्या रांगेत नाचले. तो आईशेजारी बसून टाळ्या वाजवत होता. हातातल्या लाखेच्या बांगड्यांचा खळखळ आवाज, गुलाबपाणी शिंपडलेला मांडव, समोर सतरंजीवर बसलेली शाळा, सगळं अजून जसंच्या तसं आहे माझ्याजवळ. ते वाईट तरी असायला हवं होतं. नव्हतं. मी फार सुंदर नाचले.

एप्रिलात निकाल लागला. उन्हं चढायला लागली होती, घरोघर कूलरमध्ये ताजा वाळा भरत होते. आम्हाला चौघांना बडी मॅडमच्या खोलीत बोलावलं. शाळेच्या मुख्याध्यापिका, पांढरी साडी, गोड आवाज. त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली मुलांचे रंगीत फोटो लावलेले. त्या बाबांना म्हणाल्या, "हाज़िरी तो मैं देख लेती. बीमारी में किसका बस चलता है. पर गणित में बच्चा बिलकुल रह गया है." मग दादाचा पेपर पुढे सरकवला. "कोई और बच्चा होता, तो मैं कहती कि छुट्टियों में पढ़ा लीजिए, जुलाई में दोबारा टेस्ट ले लेंगे. लेकिन टायफॉइड मामूली चीज़ नहीं है. इतने कमज़ोर बच्चे पर मैं ज़ोर नहीं डालना चाहती. चौथी में एक साल और बैठ ले, नींव पक्की हो जाएगी. आप क्या कहते हैं?"

म्हणजे एका वाक्याचं काम होतं. 'त्याला काहीही झालं नव्हतं.' हे वाक्य त्या खोलीत आमच्या चौघांकडेही होतं. ते बोललं असतं तर बाबांना मान खाली घालावी लागली असती, डॉक्टरचं नाव निघालं असतं, कदाचित बाबांच्या ऑफिसपर्यंत गेलं असतं. आणि दादाला दोन महिने भागाकार करून पाचवीत जाता आलं असतं. आठ वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं म्हणायची पद्धत आहे. मला सगळं कळत होतं. आईनं माझं मनगट धरलं होतं, बांगड्या रुतण्याइतकं घट्ट. मी काचेखालचे फोटो बघत राहिले. एका फोटोत शर्यतीत धावणारी मुलं होती, तोंडं उघडी टाकून.

"जैसा आप ठीक समझें, मैडम," बाबा म्हणाले.

बाहेर आल्यावर बाबांनी ठेल्यावरून कचोरी घेतली आणि कागदासकट दादाच्या हातात दिली. "खा आता. आता काही मनाई नाही." त्यानं ती घरापर्यंत तशीच हातात धरून आणली. कागद तेलानं पारदर्शक झाला होता. घरी आल्यावर ओट्यावर ठेवली आणि गच्चीवर निघून गेला.

जुलैत मी चौथीत गेले आणि दादा माझ्या वर्गात होता. त्याचे जुने मित्र पलीकडच्या खोलीत. पहिल्या दिवशी जाताना वाटेत तो म्हणाला, "वर्गात मला दादा म्हणू नकोस." मी विचारलं, "मग काय म्हणू?" "मंदार म्हण. सगळे म्हणतात तसं." मी म्हणायला लागले. आधी नुसतं शाळेत. मग रस्त्यानं येताना. मग एक दिवस घरातही तसंच तोंडातून गेलं आणि आईनं पोळी लाटता लाटता वर पाहिलं आणि पुन्हा लाटणं फिरवलं. लिहिताना मी दादा लिहितेय खरं, पण त्याला तोंडानं दादा म्हणून तेवीस वर्षं झाली.

त्या वर्षी मी वर्गात पहिली आले. दुसऱ्या घरात पेढे वाटले असते, आमच्याकडे प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी ठेवली गेली. बाबा दादाला म्हणाले, "बघ, तुझ्यापेक्षा लहान आहे." हे ते पुढं दहावीपर्यंत म्हणत राहिले. ज्या माणसानं एका मुलाला आजारी केलं आणि दुसऱ्याला नाही, तो माणूस दोघांची तुलना करत होता, आणि ते त्याच्या खरंच लक्षात येत नव्हतं. मी या एका गोष्टीसाठी बाबांना माफ केलेलं नाही. बाकी सगळं केलं असतं.

पुढं बाबांची ज्येष्ठता वाढली. मे महिना मिळाला, एकदा तर दिवाळीत दार्जिलिंग मिळालं. आता वाकायचं कारण नव्हतं, रजेचे अर्ज नव्हते, आणि आल्यावर कुणालाही काहीही सांगायला आम्ही मोकळे होतो. तेव्हा दादा यायचा बंद झाला. "मी नाही येत, तुम्ही जा," म्हणायचा. शेजाऱ्यांकडे जेवायचा, झोपायचा आणि कुलूप लावलेल्या घराच्या व्हरांड्यात अभ्यास करत बसायचा. आम्ही तिघं जायचो. बाबा गॅलरीत उभे राहून "बघून घ्या" म्हणायचे आणि मी एकटी बघून घ्यायचे. दार्जिलिंगचा तो बर्फाचा डोंगर स्वच्छ दिसला होता, पूर्ण. मला त्यातलं काही आठवत नाही.

आता आई-बाबा साताऱ्यात असतात. कुणी आलं की बाबा अल्बम काढतात. "दहावीच्या आत पोरांना काश्मीर सोडून सगळा देश दाखवला," असं सांगतात. कन्याकुमारीच्या पानावर दादा लाटेकडे पाठ करून हसतोय, काळाभोर, दात पांढरे. मागच्या गणपतीत कुणीतरी विचारलं, हा कितवीत होता तेव्हा? बाबा म्हणाले, "चौथीत. त्याच वर्षी आजारी पडला बिचारा, टायफॉइड झाला, वर्ष गेलं त्याचं." आई गौरीपुढची समई सारखी करत होती. दादा पुण्याहून आलेला, तिथेच बसलेला. बाबा खोटं बोलत नव्हते, त्यांना आता तसंच आठवतं. दादानं खिरापतीची वाटी पुढं केली आणि म्हणाला, "हो, ताप उतरतच नव्हता." मी त्याही वेळी काही बोलले नाही.

शाळेनं रंग बदललाय. दोन मजले वाढलेत, फाटकावर पहारेकरी आलाय. दुपारची वेळ, शाळा सुटलेली, मैदानावर पाणी मारत होते आणि तापलेल्या मातीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मी रिक्षा सोडून दिली. बडी मॅडमची खोली कुठली होती ते बाहेरून ओळखू येईना. पहारेकऱ्यानं विचारलं, "किससे मिलना है?" मी म्हटलं, "किसी से नहीं." मग समोरच्या फुटपाथवर जाऊन फोन लावला.

दादा पुण्यात बांधकामांवर सुपरवायझर आहे. चांगलं चाललंय त्याचं, बायको समजूतदार आहे, मुलगा बालवाडीत जातो. आम्ही भाऊबीजेला भेटतो, वाढदिवसाला फोन करतो आणि एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतो. फोनवर मागं काँक्रीटच्या मिक्सरची घरघर होती. मी म्हटलं, "मी खातीपुऱ्यात आहे. शाळेसमोर." घरघर लांब गेली, तो बाजूला आला असावा.

"आहे का अजून ती?" त्यानं विचारलं.

"आहे. मंदार, मला एक सांगायचंय. कधीच बोललो नाही आपण. तो टायफॉइड माझा होता. तू माझ्यासाठी घेतलास. मी विसरलेले नाही."

"बरं," तो म्हणाला.

"आणि त्या दिवशी बडी मॅडमच्या खोलीत बाबांनी बोलायला पाहिजे होतं. एवढं एक वाक्य बोलले असते तर."

तो अगदी साध्या आवाजात, सिमेंटच्या गोणी किती आल्या ते सांगावं तसा, म्हणाला, "बाबा नव्हतेच बोलणार. ते मला घरून निघतानाच माहीत होतं. आई पण नाही. मी तुझ्याकडे बघत होतो. सगळा वेळ. तू वर बघितलंच नाहीस."

फाटकातून शाळेची रिकामी बस बाहेर पडली आणि माझ्यासमोरून गेली.

"मी आठ वर्षांची होते रे," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "आणि मी नऊ वर्षांचा."